उरलेला हात

श्रावणात भरमाण्णाच्या शेडमध्ये
गणपती ओळीनं उभे असतात, बिनरंगाचे,
सोंडा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.
त्यांच्यामधून अंग चोरत
जांबोटी रस्त्यावरच्या रिसॉर्टचा मालक आला,
मोबाइल पुढं धरून म्हणाला,
हा पायजे. स्विमिंग पूलच्या कडेला. पांढरा.

मला बोलावणं आलं.
शाळेत चित्रकला शिकवायचो,
म्हणजे परदेशी देवांशी माझी ओळख असणार,
असा खानापुरात समज आहे.

चष्मा पुसून पाहिलं. हर्मिस, ग्रीकांचा.
डाव्या हातावर पोर,
पुढं द्राक्षाच्या दारूचा देव होणारं.
उजवा हात कोपराच्या वर तुटलेला,
आणि पोर झेपावतंय
नेमकं त्या नसलेल्या हाताकडं.

"वाहन काय ह्याचं?"
वाहन नाही. चपलांना पंख.
"आणि काम?"
निरोप पोचवायचे. एकाचं बोलणं
दुसऱ्याला कळेलसं सांगायचं.
मेलेल्यांना पलीकडं सोडून यायचं.
वाटसरूंचा देव, चोरांचाही,
आणि शिवेचा: तिकडं बांधावर, चौकात
नुसता चौकोनी खांब पुरून
वर ह्याचं डोकं ठेवायचे.

"आमचा म्हसोबाच की हो!"
भरमाण्णा हसला.
त्याच्या शेडवरच्या पाटीवर दोन लिप्या आहेत;
कुठली वर, कुठली खाली,
यावरून ती तीनदा रंगवून झाली.
"विचारा की त्याला मास्तर,
शीव नेमकी कुठनं जाती."

माती मलप्रभेच्या काठची.
पाय सहज झाले. कमरेतला बाकही;
बासरीवाल्याचा तो शंभरदा केलेला.
पोराला त्यानं धाकट्या नातवाचे गाल दिले.
हातापाशी अडला.
"मोडकं कसं घडवू?
मूर्ती भंगती ते येगळं. भंगल्याली पाण्यात सोडतो.
पण भंगल्यालीच जन्माला घालायची म्हंजे—"
पुढचं वाक्य त्यानं मातीत पुसलं.

मालकाचा फोन आला: फोटोत आहे तस्संच.
अख्खा हात असला की नवा दिसतो.

मी सांगून पाहिलं, मुळात ते देव रंगवलेले असायचे,
केस तांबूस, ओठ लाल,
चपलेच्या पट्ट्यावर सोन्याचा वर्ख.
पावसानं, मातीनं धुऊन धुऊन पांढरे पडले.
"रंग गेल्यावर लोकांच्या मनात भरले?"
एवढंच विचारून भरमाण्णानं
पिवळ्याचा डबा झाकून टाकला.

रात्री कधीतरी त्यानं हात केला. अख्खा.
जाणते म्हणतात, त्यात द्राक्षांचा घड असावा.
खानापूरच्या रानात द्राक्षं कुठली?
काळ्या करवंदांची डहाळी, काट्यांसकट,
पोराच्या बोटांपासून
चार बोटं लांब.

दिवसभर तो तसा उभा होता, पुरा देव.
सून सुलव्वा दारातूनच म्हणाली,
"द्या की वो त्या लेकराला."

दिवेलागणीला,
ज्या तारेनं तो मातीचा गोळा कापतो
तिनंच, कोपराच्या वर.
आवाज झाला नाही.
मग साचा, फायबर, पांढरा रंग, टेंपो.

आता तो पाण्याच्या कडेला आहे.
लोक पोराच्या डोक्यावर टॉवेल टाकून
पोहायला उतरतात.
टॉवेलखाली पोर झेपावतंय.

हात इकडं आहे, फळीवर,
उंदरांच्या शेपट्या आणि सुट्या मोदकांशेजारी,
भाजलेला, रंगवलेला,
करवंदं काळी, देठाशी लाल.

अनंत चतुर्दशीनंतर शेड रिकामी झाली
तेव्हा विचारलं, ह्याचं काय करायचं?
भरमाण्णानं त्याच्यावरची धूळ फुंकली.
"ऱ्हाऊंदे. भंगलीया ती मूर्ती.
हात कुठं भंगलाय?"

आणि शिडी आणायला गेला.
पाटी चौथ्यांदा रंगवायची होती.